अणुस्तरावरील प्रतिबल : व्याख्या, वाद आणि मर्यादा

प्रस्तावना

पदार्थविज्ञान आणि अभियांत्रिकी या दोन्ही विद्याशाखांच्या विद्यार्थ्याला प्रतिबल ही संकल्पना पहिल्याच वर्षी भेटते. तार ताणली, की तिच्या काटछेदावर कार्य करणाऱ्या बलाला त्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागावे; येणारा भागाकार म्हणजे प्रतिबल. एकक न्यूटन प्रति चौरस मीटर, अर्थात पास्कल. व्याख्या इतकी सुबोध आहे, की तिच्यात काही गृहीत धरलेले आहे याची जाणीवही सहसा होत नाही.

हे गृहीत छेद लहान करत गेल्यावर उघड होते. तांब्याच्या स्फटिकाचा घनाच्या पृष्ठाला समांतर असा छेद घेतला, तर त्याच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे १५ लाख कोटी अणू असतात. इतक्या अणूंवरील बलांची सरासरी निःशंकपणे घेता येते. तोच छेद एका चौरस नॅनोमीटरचा केला, तर त्यात जेमतेम १५ अणू उरतात. त्याहूनही लहान छेद दोन अणूंच्या मधल्या पोकळीत बसू शकतो. अशा ठिकाणी कोणते बल घ्यावयाचे आणि त्याला कोणत्या क्षेत्रफळाने भागावयाचे?

काही दशकांपूर्वी हा प्रश्न केवळ तात्त्विक मानता आला असता. आज नॅनोमीटर जाडीचे धातूचे पापुद्रे, कार्बनच्या नलिका आणि ग्राफीन यांचे बळ मोजले जाते, आणि रेणवीय गतिकीच्या संगणकीय पद्धतीने लक्षावधी अणूंच्या हालचालींचा मागोवा घेतला जातो. त्या गणनेतून प्रत्येक अणूसमोर प्रतिबलाचा एक आकडा छापून मिळतो. तो आकडा नेमका कशाचा आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कोशीची व्याख्या आणि तिचा आधार

प्रतिबलाची आजची व्याख्या फ्रेंच गणितज्ञ ओग्युस्तँ-लुई कोशी याने १८२२ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. पदार्थाच्या अंतर्भागात एक काल्पनिक प्रतल कल्पावे. त्या प्रतलाच्या एका बाजूचा पदार्थ दुसऱ्या बाजूच्या पदार्थावर जे बल लावतो, त्याला प्रतलाच्या क्षेत्रफळाने भागावे आणि क्षेत्रफळ शून्याकडे न्यावे. त्याच बिंदूतून वेगळ्या दिशेचे प्रतल घेतले, तर बलही वेगळे येते. कोशीने असे दाखविले, की परस्परांना लंब असलेल्या तीन प्रतलांवरील बले माहीत असली, की त्या बिंदूतील कोणत्याही प्रतलावरील बल काढता येते. यातून नऊ घटकांचा प्रतिबल-प्रदिश सिद्ध होतो. परिबलांच्या समतोलामुळे त्यांतील सहाच घटक स्वतंत्र राहतात.

या मांडणीचा सारा भार ‘क्षेत्रफळ शून्याकडे न्यावे’ या शब्दांवर आहे. पदार्थ अखंड असेल, तरच ही क्रिया शेवटपर्यंत नेता येते. पदार्थ अणूंचा बनलेला असेल, तर वाटेत कोठेतरी थांबावे लागते. कोठे थांबावे, हे व्याख्या सांगत नाही.

विशेष म्हणजे स्थितिस्थापकतेच्या सिद्धांताचा आरंभ कणांच्या कल्पनेतूनच झाला होता. नाव्हिए याने १८२१ साली पदार्थ हा परस्परांना आकर्षित आणि अपकर्षित करणाऱ्या कणांचा समूह मानून समीकरणे मांडली. खुद्द कोशीनेही १८२८ साली कणसमूहातील प्रतिबलाचा विचार केला. ज्या दोन कणांना जोडणारी रेषा दिलेल्या प्रतलाला छेदते, त्या कणांमधील बल त्या प्रतलावर मोजावे, अशी त्याची रीत होती. मात्र केवळ जोडरेषेवरून कार्य करणारी बले मानल्यास सर्व दिशांनी समान गुणधर्म असलेल्या प्रत्येक पदार्थाचे प्वासाँ गुणोत्तर एक चतुर्थांशच यावयास हवे, असा निष्कर्ष निघत होता. तांब्याचे हे गुणोत्तर सुमारे ०.३४ आहे. तांब्याच्या एकल स्फटिकातही हीच विसंगती दिसते. या गृहीतानुसार जे दोन स्थितिस्थापकता-गुणांक समान असावयास हवेत, ते प्रत्यक्षात सुमारे १२१ आणि ७५ गिगापास्कल आहेत. प्रयोगांशी न जुळल्यामुळे कणवाद मागे पडला आणि अखंड माध्यमाची मांडणी रूढ झाली. संगणकांच्या आगमनानंतर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कण पुन्हा समोर आले, आणि त्यांच्याबरोबर जुना प्रश्नही आला.

व्हिरिअल प्रतिबल

अणूंच्या भाषेत प्रतिबल लिहिण्याचा सर्वाधिक प्रचलित मार्ग रुडॉल्फ क्लॉसियस याच्या १८७० सालच्या प्रमेयातून निघतो. बल या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याने ‘व्हिरिअल’ ही संज्ञा घडविली. या मार्गाने मिळणाऱ्या प्रतिबलात दोन पदे असतात. पहिले पद गतिज असते. प्रत्येक अणूचे वस्तुमान आणि त्याच्या वेगाचे दोन घटक यांचा गुणाकार करून सर्व अणूंसाठी बेरीज करावयाची. दुसरे पद बलांचे असते. अणूंच्या प्रत्येक जोडीसाठी त्यांच्यामधील अंतराचा घटक आणि आंतरअणुक बलाचा घटक यांचा गुणाकार करून बेरीज करावयाची. ताण धन मानण्याच्या संकेतानुसार बलांचे पद ताणाकडे किंवा दाबाकडे झुकू शकते. गतिज पद लंब घटकांपुरते नेहमीच दाबाच्या बाजूला असते. या दोहोंच्या बेरजेला एकूण घनफळाने भागावे आणि दीर्घ काळाची सरासरी घ्यावी.

विरळ वायूत आंतरअणुक बले नगण्य असतात. तेथे केवळ गतिज पद उरते आणि त्यातून आदर्श वायूचे सुपरिचित सूत्र हाती येते. घन पदार्थात बलांचे पद प्रभावी असते. एकच सूत्र वायू, द्रव आणि घन या तिन्ही अवस्थांना लागू पडते, हे त्याचे मोठे सामर्थ्य आहे.

गतिज पदात कोणता वेग घ्यावयाचा, याविषयी मात्र दक्षता हवी. तांब्याचा एखादा ठोकळा सेकंदाला १०० मीटर वेगाने सरळ रेषेत जात असेल आणि त्याच्या अणूंचा एकूण वेग सूत्रात घातला, तर तांब्याच्या ८९६० किलोग्रॅम प्रति घनमीटर घनतेमुळे सुमारे ९० मेगापास्कलचा दाब निघेल. ठोकळ्याच्या आत असा कोणताही दाब नाही. तो केवळ पुढे सरकतो आहे. म्हणून समूहाचा सरासरी वेग प्रथम वजा करावा लागतो आणि उरलेल्या, म्हणजे उष्णताजन्य वेगाचाच हिशेब करावा लागतो.

गतिज पदाविषयीचा वाद

वायूच्या बाबतीत गतिज पदाचा अर्थ उघड आहे. रेणू भिंतीवर आदळतात आणि आपला संवेग तिला देतात. घन पदार्थातील अणू मात्र आपापल्या जागी कंप पावत असतो. तो कोणत्याही भिंतीवर आदळत नाही. मग त्याच्या कंपनाचा समावेश प्रतिबलात का करावा? मिन झोउ यांनी २००३ साली हाच आक्षेप ठामपणे मांडला. प्रतिबल म्हणजे पदार्थाच्या एका भागाने दुसऱ्या भागावर लावलेले बल होय. त्यात संवेगाच्या वहनाला स्थान नाही. म्हणून आंतरअणुक बलांचे पद तेवढे घ्यावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या मतभेदाचे मोल किती आहे, हे साध्या हिशेबाने कळते. तांब्याच्या घनाकार एकक कोष्ठिकेची बाजू ०.३६१५ नॅनोमीटर असून तीत चार अणू असतात. एका अणूच्या वाट्याला सुमारे ०.०११८ घननॅनोमीटर घनफळ येते. बोल्ट्झमान स्थिरांक आणि ३०० केल्व्हिन तापमान यांच्या गुणाकाराला या घनफळाने भागले, की गतिज पदाचे मूल्य सुमारे ३५० मेगापास्कल मिळते. वातावरणीय दाबाच्या जवळजवळ साडेतीन हजार पट इतके हे मूल्य आहे. तापवून मऊ केलेले तांबे काही दशक मेगापास्कल प्रतिबलालाच कायमचे वाकू लागते, हे लक्षात घेता हा फरक दुर्लक्षण्याजोगा नाही. पद घ्यावे की वगळावे, यावर निष्कर्ष उलटा होऊ शकतो.

या वादाचे उत्तर एका लहानशा उदाहरणातून समजून घेता येते. दोन अणूंना जोडणारी एक स्प्रिंग कल्पावी. तिची नैसर्गिक लांबी १० एकके आहे आणि लांबी एका एककाने बदलली, की बलही एका एककाने बदलते. कंपनामुळे ही लांबी कधी ११, तर कधी ९ होते. लांबी ११ असताना ताण अधिक १ आहे. ९ असताना तो उणे १ आहे. सरासरी ताण शून्य आहे. स्प्रिंग कोणालाही, सरासरीने, ओढत नाही. व्हिरिअल सूत्र मात्र ताणाची सरासरी घेत नाही. ते लांबी आणि ताण यांच्या गुणाकाराची सरासरी घेते. पहिल्या वेळी गुणाकार ११ येतो, दुसऱ्या वेळी उणे ९. सरासरी निघते अधिक १. प्रत्यक्षात नसलेला ताण गणितात उमटतो.

हा आभासी ताण केवळ कंपनातून आलेला आहे. अणू ताणलेल्या स्थितीत दूर असतात आणि दबलेल्या स्थितीत जवळ असतात, म्हणून गुणाकारात ताणाला अधिक भार मिळतो. ऊर्जेच्या समविभाजनाच्या नियमानुसार अशा साखळीत प्रत्येक बंधामागे या अतिरिक्त पदाचे मूल्य बोल्ट्झमान स्थिरांक आणि तापमान यांच्या गुणाकाराइतके असते. प्रत्येक अणूमागे गतिज पदाचे मूल्यही तेवढेच असून त्याची दिशा दाबाची असते. दोन्ही परस्परांना तंतोतंत रद्द करतात आणि सरासरी ताण शून्य, हे खरे उत्तर शिल्लक राहते.

तेव्हा गतिज पद हे घन पदार्थावर लादलेले वायूचे सूत्र नव्हे. अणूंची तात्कालिक स्थाने वापरल्यामुळे बलांच्या पदात जी वाढ शिरते, तिची ते भरपाई करते. अणूंची सरासरी किंवा मूळ स्थाने वापरून अंतर मोजले, तर अशी वाढ होत नाही आणि गतिज पदाचीही गरज राहत नाही. पदार्थाबरोबर सरकणाऱ्या प्रतलाच्या दृष्टीने केलेली ती मांडणीही तितकीच ग्राह्य आहे. चूक होते ती तात्कालिक स्थाने वापरून गतिज पद वगळले असता. सुब्रमण्यन आणि सन यांनी २००८ साली संगणकीय प्रयोगांतून हेच दाखविले. कोणताही अडथळा नसलेला घन पदार्थ तापविला, तर तो मुक्तपणे प्रसरण पावतो आणि त्यात प्रतिबल निर्माण होऊ नये. गतिज पदासह केलेल्या गणनेत ते शून्य येते. पद वगळल्यास मुक्त पदार्थही ताणाखाली असल्याचा भास होतो. तांब्याच्या बाबतीत ३०० केल्व्हिनला हा भास वर काढलेल्या ३५० मेगापास्कलचा असेल.

क्षेत्रफळ आणि घनफळ यांचा प्रश्न

बलांचा हिशेब निर्विवाद झाला, तरी भाजक उरतोच. संपूर्ण स्फटिकाचे घनफळ निश्चित असते. एका अणूचे घनफळ मात्र वाटून द्यावे लागते. परिपूर्ण स्फटिकात ते सर्वांना सारखे येते. पृष्ठभागावरील किंवा भेगेच्या टोकाशी असलेल्या अणूची एक बाजू मोकळी असते. त्याची हद्द कोठे संपते, हे संकेतानेच ठरवावे लागते. रेणवीय गतिकीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘लॅम्प्स’ या आज्ञावलीने याच कारणास्तव वाटणी टाळली आहे. तिच्या प्रति-अणू प्रतिबलाच्या आकड्याचे एकक प्रतिबल गुणिले घनफळ असे असते. विद्यार्थी तो आकडा पास्कलमध्ये आहे असे समजून आलेख काढतो, तेव्हा आलेखाला अर्थ राहत नाही.

या प्रश्नाची तीव्रता कार्बनच्या एकपदरी रचनांत सर्वाधिक जाणवते. याकोब्सन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली कार्बन नलिकेच्या भिंतीला पोकळ कवच मानून तिची जाडी ०.०६६ नॅनोमीटर घेतली. तेव्हा यंगचा गुणांक ५.५ टेरापास्कल आला. इतर अनेक अभ्यासकांनी ग्रॅफाइटच्या दोन थरांमधील सुमारे ०.३४ नॅनोमीटर अंतर हीच जाडी मानली आणि त्यांचा गुणांक १ टेरापास्कलच्या आसपास राहिला. आकड्यांत पाचपटीहून अधिक तफावत आहे. तरीही गुणांक आणि जाडी यांचा गुणाकार केला, तर दोन्हीकडून जवळजवळ एकच उत्तर मिळते. नलिकेच्या ताठपणाविषयी मतभेद नव्हताच. मतभेद होता तो एका अणूच्या जाडीच्या थराला जाडी किती मानावी याविषयी.

२००८ साली कोलंबिया विद्यापीठात ली, वेई, काइसर आणि होन यांनी ग्राफीनचा पापुद्रा सूक्ष्म टोकाने दाबून त्याचे बळ मोजले. त्यांनी मूळ निष्कर्ष लांबीमागील बलाच्या रूपात दिला : ताठपणा मीटरमागे ३४० न्यूटन आणि तुटण्याच्या वेळचे बळ मीटरमागे ४२ न्यूटन. ०.३३५ नॅनोमीटर जाडी मानल्यावर यातून सुमारे १ टेरापास्कल आणि १३० गिगापास्कल हे प्रसिद्ध आकडे निघतात. पाठ्यपुस्तकांत बहुधा हेच दुसरे आकडे उद्धृत होतात आणि जाडीचे गृहीत वाटेत गळून पडते.

स्थानिक प्रतिबलाच्या व्याख्या

व्हिरिअल सूत्र एकजिनसी आणि समतोल अवस्थेतील समूहाला चपखल लागू पडते. भेगेच्या टोकापाशी किंवा दोन पदार्थांच्या सीमेवर प्रतिबल जागोजागी बदलते. तेथे स्थानिक व्याख्या लागते. १९५० साली अर्व्हिंग आणि कर्कवुड यांनी संख्याशास्त्रीय यामिकीच्या आधारे तिचा पाया घातला. अणूंच्या गतीच्या समीकरणांतून अखंड माध्यमाचा संवेग-संतुलनाचा नियम निघाला पाहिजे, ही त्यांची अट होती. त्यांच्या मांडणीत दोन अणूंमधील बलाचा वाटा त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर पसरविला जातो. त्साई यांनी १९७९ साली कोशीच्या जुन्या रीतीकडे वळून एका ठराविक प्रतलाला छेदणारी बले आणि त्यातून आरपार जाणाऱ्या अणूंचा संवेग यांची नोंद ठेवण्याची पद्धत दिली. हार्डी यांनी १९८२ साली प्रत्येक अणूचे गुणधर्म त्याच्याभोवतीच्या लहान प्रदेशात पसरविणारे भारफलन वापरले. त्यामुळे आघात-तरंगांसारख्या वेगवान घटनांतही प्रतिबल काढणे शक्य झाले. अडमल आणि टॅडमोर यांनी २०१० साली या सर्व व्याख्या एकाच चौकटीतून कशा निघतात, हे सविस्तर मांडले.

यातून एक गोष्ट स्पष्ट झाली : स्थानिक प्रतिबल एकमेव नसते. संवेग-संतुलनाच्या नियमात प्रतिबलाचे केवळ अपसरण येते. ज्याचे अपसरण शून्य आहे असा कोणताही प्रदिश त्यात मिळविला, तरी अणूंच्या गतीत काहीच फरक पडत नाही. बलाचा वाटा सरळ रेषेवर पसरवावा की वक्र मार्गावर, हे म्हणूनच निसर्ग ठरवीत नाही. धातूंसाठी वापरल्या जाणाऱ्या बहु-अणू विभवांत एका अणूवरील एकूण बलाची जोड्यांत विभागणीही अनेक प्रकारे करता येते. मात्र सरासरीचा प्रदेश आंतरअणुक बलांच्या पल्ल्याहून पुरेसा मोठा घेतला आणि त्या प्रदेशात अवस्था एकसारखी असली, की या सर्व मार्गांनी येणारी उत्तरे एकत्र येतात.

काळाच्या बाबतीतही हेच म्हणता येते. घन पदार्थातील अणूचे कंपन पिकोसेकंदाच्या एका लहान अंशात पूर्ण होते. त्या अवधीत एकेका अणूच्या तात्कालिक प्रतिबलात काही गिगापास्कल इतके चढउतार होत राहतात. अणूंची संख्या वाढविली, की हे चढउतार संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतात; दहा हजार अणूंच्या समूहात ते शतांशावर येतात. एका क्षणाचे आणि एका अणूचे प्रतिबल हे म्हणूनच मापन मानता येत नाही. तापमान जसे एका रेणूचे नसते, तसेच हे आहे.

यावरून प्रतिबल ही निव्वळ सोयीची कल्पना आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. अखंड माध्यमाचा रेषीय सिद्धांत भेगेच्या टोकाशी अनंत प्रतिबल सांगतो. अणुस्तरावरील गणना तेथे सान्त मूल्य देते, कारण बंधाला पेलवणाऱ्या बलाला कमाल मर्यादा असते. पुंजयामिकीतूनही प्रतिबल थेट काढता येते, हे नील्सन आणि मार्टिन यांनी १९८३ साली दाखविले. तेथे प्रतिबल म्हणजे पदार्थाला एकसारखी विकृती दिली असता त्याच्या ऊर्जेत घडणाऱ्या बदलाचा दर होय. संपूर्ण समूहाच्या पातळीवर ही ऊर्जेची व्याख्या आणि बलांची व्याख्या एकच उत्तर देतात.

समारोप

कोशीच्या व्याख्येतील बिंदू हा अखंड माध्यमाचा बिंदू आहे. त्या जागी अणू ठेवला, की प्रतिबल ही बिंदूची राशी राहत नाही. ती प्रदेशाची आणि कालावधीची राशी होते. गतिज पद, अणूचे घनफळ, थराची जाडी आणि बलाचा मार्ग या चारही वादांच्या मुळाशी हेच स्थित्यंतर आहे. चौघांपैकी पहिल्याचे उत्तर भौतिकी देते. उरलेल्या तिघांत संकेताचा वाटा आहे, आणि संकेत उघडपणे सांगावा लागतो.

पदव्युत्तर प्रकल्प आणि प्रबंध तपासताना या दृष्टीने काही प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. सरासरी किती अणूंवर आणि किती काळ घेतली? समूहाचा सरासरी वेग वजा केला का? तात्कालिक स्थानांबरोबर गतिज पद घेतले का? भाजक म्हणून कोणते घनफळ किंवा कोणती जाडी मानली? या प्रश्नांची उत्तरे दिलेली असतील, तर दुसरा अभ्यासक तोच आकडा पुन्हा काढू शकतो आणि स्वतःच्या आकड्याशी त्याची तुलना करू शकतो. ती दिलेली नसतील, तर आज्ञावलीने छापलेल्या गिगापास्कलच्या आकड्यावरून तो पदार्थ तुटेल की टिकेल, हे कोणालाही सांगता येणार नाही.